क्ष दिसला की हात थांबतो, तेव्हा

नाशिकजवळच्या अंबडमधल्या एका कंपनीत पॅकिंगला असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. आठवीनंतर शाळा सुटली, आता वय ३३, यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसताहेत. बाकीचे विषय वाचून होतात, भूमितीत निदान आकृती डोळ्यांना दिसते. बीजगणितात मात्र एक्स दिसला की हात थांबतो. परीक्षेला सहा आठवडे आहेत. एका क्लासने आठ हजार सांगितले, ते जमणारे नाहीत. घरात मुलगा सातवीत, भाचा इंजिनियरिंगला. मदत कुणाकडून घेऊ आणि कशी घेऊ, असं त्या विचारतात.

ताई, आधी रात्रशाळेत आणि मग घरच्या ओट्यावर मिळून मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलंय, त्यातली निम्मी तरी तुमच्यासारख्यांनाच. आठ हजार देऊ नका. पैसे वाचतील एवढ्यासाठी सांगत नाही. तिथे सहा आठवड्यांत दहावीचं पुस्तक पळवतील आणि तुमची अडचण दहावीच्या पुस्तकात नाहीच आहे.

तुमच्याच टेबलावरचं उदाहरण घेते. तीन खोकी भरलेली आहेत, तिन्हींत डबे सारखे. वर पाच डबे सुटे. एकूण डबे ४१. एका खोक्यात किती? तुम्ही कागद न घेता सांगाल: सुटे पाच बाजूला काढले, राहिले ३६, तीन खोक्यांत वाटले, १२. झालं. हेच पुस्तकात ३क्ष + ५ = ४१ असं लिहितात. पाच बाजूला काढले ती पहिली ओळ, तिघांत वाटले ती दुसरी. म्हणजे बीजगणित तुम्ही रोज शिफ्टमध्ये करता, फक्त ते लिहिण्याची सवय नाही.

पुस्तकात इंग्रजी एक्स आणि वाय असतात, मी जुन्या सवयीने क्ष आणि य लिहितेय. अक्षरात काही नाही. भास्कराचार्य बाराव्या शतकात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे जितकं असेल तितकं, आणि लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अज्ञात संख्या आली की रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, म्हणून 'का', 'नी', 'पी'. माझ्या रात्रशाळेतल्या एका बाईंना हे इतकं आवडलं की वर्षभर त्या वहीत 'या' लिहीत होत्या. मी अडवलं नाही, परीक्षेच्या महिनाभर आधी तेवढं बदलून घेतलं. तुम्हाला एक्स बोचत असेल तर पहिले आठ दिवस त्या जागी चौकोन काढा. खोकंच समजा.

आता मुद्द्याचं. बीजगणित अडतं ते अक्षरापाशी नाही, त्याच्या खालच्या पायरीपाशी. ही पायरी कुठे तुटलीय ते पाहायला खालची सहा गणितं आजच रात्री करा, कुणाला न विचारता. पाच-सात मिनिटांचं काम आहे.

−७ + ३ किती?
८ − (५ − २) किती?
२/३ + १/४ किती?
३(क्ष − २) कंस सोडवून लिहा.
५क्ष = २०, तर क्ष किती?
क्ष/३ = ४, तर क्ष किती?

उत्तरं शेवटी दिलीत, आधी बघू नका. आणि चुकलेलं खोडू नका. खोडरबर सहा आठवडे कपाटात ठेवून द्या. चुकीची ओळ वहीत राहिली तरच मदत करणाऱ्याला काही हाती लागतं.

पहिल्या गणिताला बहुतेक जण −१० लिहितात. ऋण संख्या म्हणजे किराणा दुकानातली उधारी. सात रुपये उधारी होती, तीन भरले, चार राहिले, म्हणून −४. ऋण या शब्दाचा अर्थच कर्ज, तो आपल्या भाषेत आधीपासून आहे. पोरांना 'मायनस सेव्हन' म्हणून शिकवलं की हा आधार निसटतो.

दुसरं गणित जास्त महत्त्वाचं आहे. ८ − (५ − २) याचं उत्तर १ आलं असेल तर तुमचा कंस तुटलाय, आणि दहावीत पदोपदी कंस आहेत. असं बघा: पाकिटात आठ रुपये. भाजीवाल्याने पाच घेतले आणि दोन परत दिले. म्हणजे ८ − ५ + २, राहिले पाच. कंसाबाहेर वजा असला की आतलं 'परत दिलेलं' तुमच्याकडे जमा होतं. चिन्ह बदलतं ते यासाठी. हा एवढा भाजीवाला डोक्यात बसला तर −(क्ष − ४) म्हणजे −क्ष + ४ हे पाठ करावं लागत नाही.

तिसऱ्यावर फार वेळ घालवत नाही. अपूर्णांकांची बेरीज येत नसेल तर मुलाच्या पुस्तकातून दोन दिवस तेवढीच करा.

चौथ्यात ३क्ष − २ लिहिलं असेल तर तुमच्याबरोबर महाराष्ट्रातली निम्मी पोरं आहेत. तीन पिशव्या आहेत आणि प्रत्येकीतून दोन-दोन कांदे काढले, तर एकूण किती निघाले? सहा. मग ३क्ष − ६.

पाचव्या गणिताची गोष्ट मात्र माझी स्वतःची आहे. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी फळ्यावर झोकात शिकवायची, 'अलीकडचं पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.' पोरांना सोपं वाटायचं, मलाही बरं वाटायचं. मग घटक चाचणीत ५क्ष = २० दिलं. अर्ध्याहून जास्त वर्गाने लिहिलं, क्ष = २० − ५ = १५. पोरांचं काय चुकलं? पाच पलीकडे नेला, चिन्ह बदललं. मी सांगितलं तेच केलं त्यांनी. पेपर तपासताना हे लक्षात आलं आणि लाज वाटली. तेव्हापासून 'पलीकडे नेणं' हा शब्द मी वर्गात बंद केला. तुम्हाला जो कुणी शिकवेल त्यालाही तो वापरू देऊ नका.

त्याऐवजी तराजू. बरोबरचं चिन्ह म्हणजे काट्याची मधली सुई. एका पारड्यातून पाच काढले तर दुसऱ्यातूनही पाच काढायचे, एकीकडे तीन वाटे केले तर दुसरीकडेही तीन वाटे. प्रत्येक ओळीच्या उजवीकडे बारीक अक्षरात लिहायचं, 'दोन्हीकडून ५ वजा', 'दोन्हीकडे ३ ने भागलं'. वेळ लागतो, कंटाळा येतो. दोन आठवडे लिहा, मग आपोआप सुटेल. ५क्ष म्हणजे पाच खोकी, त्यांची किंमत २०. इथे पाच वजा करायला सुटं काही नाहीच, वाटेच करायचे.

आता मदतीचं.

भाचा इंजिनियरिंगला आहे म्हणून पहिल्यांदा त्याच्याकडे जावंसं वाटेल. जाऊ नका, निदान पहिले दोन आठवडे. हुशार मुलगा तीन ओळी मनात करतो आणि चौथी लिहितो. ती चौथी ओळ पाहून तुम्हाला वाटतं, याला येतं, मला येत नाही, आपलं डोकंच नाही. मी हे इतक्यांदा पाहिलंय! रागावू नका त्याच्यावर, त्याला खरोखरच मधल्या ओळी दिसत नाहीत आता.

पहिला शिक्षक तुमचा सातवीतला मुलगा. त्याचं पुस्तक आणि कुठूनतरी सहावीचं व आठवीचं, एवढं पुरे. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत, मोबाइलवर उतरवता येतात. रात्री जेवणानंतर दोघांनी एकेक उदाहरण करायचं आणि वह्या बदलून तपासायच्या. तो अजून स्वतः शिकतोय, म्हणून प्रत्येक पायरी सांगतो, आणि आईला शिकवायला मिळालं की पोरं भारी खुलतात. गंगापूर रोडच्या एका घरात स्वयंपाकाला जाणाऱ्या एक बाई सहावीतल्या लेकीकडून समीकरणं शिकल्या. लेकीची गणिताची भीतीही त्यातच गेली.

भाच्याला तिसऱ्या आठवड्यापासून रविवारी तासभर बोलवा. दोन अटी घाला. पेन तुमच्या हातात राहील, त्याने तुमच्या वहीत एक अक्षर लिहायचं नाही. आणि तुम्ही 'मला हे समजाव' असं म्हणायचं नाही. समजाव म्हटलं की माणूस पहिल्यापासून सगळं सांगत सुटतो, तुम्ही माना डोलावता आणि तो गेला की पाटी कोरी. विचारायचं असं: 'या ओळीवरून मी या ओळीवर आले. इथे काय बिघडलं?' बोट ठेवून. आठवड्यात अडलेल्या अशा पाच-सहा जागांवर पेन्सिलीने गोल करून ठेवा. तासाभरात पाच-सहा जागा आरामात होतात.

घरचं जमलं नाही तर ज्या शाळेतून तुमचा फॉर्म गेला तिथल्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना भेटा. १७ नंबरवाले शाळेत पाय ठेवायला लाजतात, तसं करू नका. मधल्या सुट्टीत जा, वही उघडी घेऊन जा आणि एकच गोल दाखवा. 'सर, सगळं बीजगणित येत नाही' म्हणणाऱ्याला कुणी वेळ देत नाही, त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतोच. 'सर, ही तिसरी ओळ' म्हणणाऱ्याला दोन मिनिटं सगळेच देतात. कंपनीत आयटीआय किंवा डिप्लोमा झालेलं कुणी असेल तर चहाच्या सुट्टीत तोही चालेल, अटी त्याच.

मोबाइलवर फोटो काढला की उत्तर देणारी अॅपं आहेत. स्वतः सोडवून झाल्यावर ताळा म्हणून बघा, त्याआधी नको. खरं तर ताळ्यालाही त्यांची गरज नाही. क्ष = १२ आलं ना? मूळ समीकरणात घाला: तीन बारे छत्तीस आणि पाच, एकेचाळीस. जुळलं. ताळा करायची सवय लागली की बरोबर-चूक विचारायला माणूस शोधावा लागत नाही, आणि सहा आठवड्यांत तुमच्याजवळ सगळ्यात कमी माणूसच आहे.

शाब्दिक उदाहरणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथेही अडणार आहात, म्हणून सांगते. अडचण गणिताची कमी आणि मराठीची जास्त असते. 'आईचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी आहे. दोघींच्या वयांची बेरीज ४४ आहे. तर प्रत्येकीचे वय किती?' यात 'तिपटीपेक्षा ४ ने कमी' हे कित्येक जण ४ − ३क्ष असं लिहितात, कारण 'कमी' हा शब्द चारला चिकटून येतो. आधी खरा आकडा घालून बघायचं. मुलगी दहा वर्षांची असती तर तिप्पट तीस, चारने कमी म्हणजे सव्वीस. सव्वीस कसे आले? तीसमधून चार गेले. मग ३क्ष − ४. पुढे क्ष + ३क्ष − ४ = ४४, म्हणजे ४क्ष = ४८, मुलगी १२, आई ३२. ताळा: बारा त्रिक छत्तीस, चार गेले बत्तीस, बत्तीस आणि बारा चव्वेचाळीस.

'ने', 'मधून', 'पट', 'पेक्षा' या चार शब्दांवर पेन्सिलीने रेघ ओढत चला. '५ मधून क्ष वजा करा' म्हणजे ५ − क्ष, आणि 'क्ष ५ ने कमी करा' म्हणजे क्ष − ५. पाच आणि क्ष दोन्हीकडे तेच आहेत, गोष्ट मात्र उलटी आहे.

आता पेपर. गणित भाग एक म्हणजे बीजगणित, ४० गुण, दोन तास. पुस्तकात सहा प्रकरणं: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. नीट बघा, शेवटच्या तिघांत क्ष जवळजवळ नाहीच. संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे घडू शकणाऱ्या सगळ्या शक्यतांची यादी, न चुकता मांडता आला पाहिजे (दोन नाणी ४, दोन फासे ३६), पुढे मोजायचं. अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर्स, म्हणजे शेकडेवारी. बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा असतो, ते किराणा मॉलच्या पावतीवर तुम्ही पाहिलंच असेल. सांख्यिकीत कोष्टक भरायचं आणि सूत्रात घालायचं. बीजगणिताच्या भीतीने लोक ही तीन प्रकरणंही उघडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्या प्रकरणात तुम्हाला क्रेमरची पद्धत आवडेल असा माझा अंदाज आहे. आधी साधं बघा. दोन मिसळ आणि एक ताक १९० रुपये. एक मिसळ आणि एक ताक ११० रुपये. दोन बिलांत फरक फक्त एका मिसळीचा, म्हणून मिसळ ८०, ताक ३०. हा झाला लोप करण्याचा, म्हणजे दोनातली एक अज्ञात संख्या उडवण्याचा मार्ग. समीकरणं वाकडी असली की यात चिन्हांची गफलत होते. क्रेमरमध्ये आकडे चौकटीत मांडून तिरपा गुणाकार आणि वजाबाकी एवढंच, दरवेळी त्याच क्रमाने. आपल्या बिलांसाठी: २ × १ − १ × १ = १. मग मिसळीसाठी १९० × १ − ११० × १ = ८०. ताकासाठी २ × ११० − १ × १९० = ३०. प्रत्येकाला पहिल्या उत्तराने, म्हणजे इथे १ ने, भागायचं. तेच ८० आणि तेच ३०. शिवणाच्या कागदी कटिंगसारखं आहे, कटिंग एकदा बसलं की कापड कुठलंही ठेवा.

श्रेढीचंही, म्हणजे दरवेळी सारखाच फरक मिळवत जाणाऱ्या आकड्यांच्या रांगेचंही, तसंच. पहिलं पद, सामान्य फरक आणि कितवं पद, हे तीन आकडे ओळखायला शिका. गोम एकच: विसाव्या पदापर्यंत फरक एकोणीस वेळा मिळवायचा असतो, वीस वेळा नाही. कुंपणाला वीस खांब असले की मधल्या जागा एकोणीस, तसं.

वर्गसमीकरणं मी शेवटी ठेवेन. अवयव पाडणं सहा आठवड्यांत सगळ्यांना साधत नाही. नाही साधलं तर सूत्र पद्धत घट्ट करा, ती कुठल्याही वर्गसमीकरणाला लागते. 'अवयव पद्धतीने सोडवा' असं स्पष्ट म्हटलेला प्रश्न आला तर तेवढा सोडा, पेपरात पर्याय असतात. आणि कृतीचे प्रश्न सोडू नका, ज्यात पायऱ्या छापलेल्या असतात आणि आपण रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. पुढची ओळ वाचली की मागची चौकट बऱ्याचदा कळते.

उत्तर आलं नाही तरी सूत्र लिहा, किंमती घाला, तिथपर्यंतचे गुण मिळतात. कोरी जागा ठेवली तर तपासणारा बिचारा काय करणार?

वेळेचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे दहावीचं पुस्तक उघडूच नका, हे ऐकून पोटात गोळा येईल, तरी नको. सहावी ते आठवीचं तेवढं, रोज चाळीस मिनिटं, सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रेषीय समीकरणं आणि श्रेढी, सोबत संभाव्यता. पाचव्यात सांख्यिकी, अर्थनियोजन आणि वर्गसमीकरणाचं सूत्र. सहाव्यात नवीन काही नाही, फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, दोन तास घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत. घरात जागा नसेल तर रविवारी एखाद्या अभ्यासिकेत किंवा वाचनालयात बसा, पोरांच्या गर्दीत संकोचू नका. सिटीलिंकच्या बसमध्ये अंबडपासून घरापर्यंत सूत्रांची चिठ्ठी बघता येते, गणित मात्र बसमध्ये होत नाही, ते टेबलावरच.

वरच्या सहा गणितांची उत्तरं: −४, ५, ११/१२, ३क्ष − ६, ४, १२. पहिल्या तिघांत चूक असेल तर उद्या संध्याकाळी मुलाचं पुस्तक, पूर्णांक संख्यांचं किंवा अपूर्णांकांचं प्रकरण. पहिली तीन बरोबर आणि पुढची चुकली असतील तर थेट समीकरणांवर जा, तुमचे चार-पाच दिवस वाचले. सहाही बरोबर आली असतील तर दोन आठवड्यांऐवजी एकच आठवडा खालच्या इयत्तांना द्या आणि भाच्याला या रविवारीच बोलवा.